भवानीपूरची पॅकार्ड

कोलकात्याच्या एल्गिन रोडवर नेताजी भवन आहे. तिथली जर्मन वाँडरर मोटार पाहायला मी गेलो होतो. जानेवारी १९४१ मध्ये नजरकैदेतून निसटताना नेताजी याच गाडीतून गोमोहपर्यंत गेले. चालवायला पुतणे शिशिरकुमार. २०१७ मध्ये दुरुस्त होऊन ती पुन्हा चकचकीत झाली. तिला मनोमन नमस्कार केला आणि चहाच्या शोधात भवानीपूरच्या एका गल्लीत शिरलो.

एका जुन्या दुमजली घराच्या गॅरेजचं लाकडी दार अर्धवट उघडं होतं. आत उंच, चंदेरी जाळी चमकली. तिच्या खांद्यांना बैलाच्या जोखडासारखं वळण, चाकांच्या मधोमध लाल षटकोन. पॅकार्ड! चहा राहिला बाजूला.

आज अमेरिकन श्रीमंती गाडी म्हटलं की कॅडिलॅकचं नाव घेतात. पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पॅकार्डचा थाट काही औरच होता. आपल्या संस्थानिकांनाही तिची भुरळ पडली होती. मंदीत महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा १९३५ मध्ये कंपनीनं त्यातल्या त्यात स्वस्त अशी 'वन-ट्वेंटी' काढली आणि त्या वेळेपुरती तरली. समोर होती ती हीच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच १२० इंच, म्हणजे तब्बल १० फूट! १९५८ नंतर मात्र पॅकार्ड हे नाव बाजारातून गेलंच.

'ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा' अशा अर्थाची या कंपनीची जाहिरात असे. मीही विचारायचं ठरवलं. जिना उतरून आल्या त्या ऐंशीच्या घरातल्या एक आजी. तांबड्या काठाची सुती साडी, हातात किल्ल्यांचा जुडगा. 'माशीमा' म्हटल्यावर (म्हणजे आपली मावशीच!) त्या हसल्या आणि दार सताड उघडलं.

गाडी नवी केलेली नव्हती, नुसती जपलेली होती. मला तर तीच मोठी गोष्ट वाटली. रंग काही ठिकाणी विरलेला, चामड्याच्या गाद्यांना बारीक चिरा, पण सगळं मूळचं. कोलकात्याच्या दमट हवेत पत्रा गंजतो, लाकूड फुगतं, गाद्यांना बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात गाडी विटांच्या थरांवर चढवतात. गल्लीत पाणी तुंबलं तरी चाकं कोरडी. दर पंधरवड्याला एक म्हातारे मिस्त्री येऊन इंजिन सुरू करतात. लागेल तो सुटा भाग मल्लिक बाजारात धुंडाळायचा, नाही मिळाला तर घडवून घ्यायचा. पूर्वी यजमान ती 'स्टेट्समन'च्या रॅलीत नेत. जुन्या मोटारींची ही रॅली कोलकात्यात १९६८ पासूनची.

"लग्नाच्या वरातीला भाड्यानं मागतात," माशीमा म्हणाल्या. मी त्यांना २०२१ चा नियम सांगितला. ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली की तिचा धंद्यासाठी वापर करता येत नाही, रोज रस्त्यावरही आणता येत नाही. "बरं झालं," त्या लगेच म्हणाल्या, "आता नाही म्हणायला कारण मिळालं."

खरी अडचण वेगळीच होती. घर पाडून तिथं फ्लॅट बांधायचे आहेत. मुलगा बंगळुरूला, मुलगी परदेशात. दोघांचाही होकार आहे. बिल्डरनं नकाशात गाड्यांच्या जागा आखल्यात, पण त्या आजच्या छोट्या गाड्यांच्या मापाच्या. पॅकार्ड विकावी, असं मुलांचं म्हणणं.

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

माशीमांनी कपाटातून नकाशा आणून बॉनेटवर पसरला. तळमजल्यावरच्या दोन जागा निळ्या पेन्सिलीनं जोडून त्यांनी एक केली होती. शेजारी बंगालीत गाडीची लांबी-रुंदी, आणि दार उघडायला लागणारे तीन फूट वेगळे.

"हे छापून आणा म्हटलंय, मग सही."

बिल्डर महिनाभर फिरकलेला नाही. माशीमांना त्याची घाई दिसली नाही. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि बॉनेटवर उमटलेले माझ्या बोटांचे ठसे पदरानं पुसून काढले.