लाल ओढणी

हिंदमाता म्हटले की लोकांना कापडाची दुकाने आठवतात, नाहीतर पावसाळ्यात तुंबलेले पाणी. मला मात्र आमच्या चाळीतील खोलीत, माळ्याच्या शिडीवर टांगलेली लाल ओढणी आठवते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ताईला कंपनीने घरूनच काम करायला सांगितले. घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली आणि माणसे पाच. ताई ग्राहकांशी फोनवर बोलू लागली की कुकरची शिट्टी होई, बाहेर नळावर भांडण जुंपे. एकदा पलीकडून प्रश्न आला, "मॅडम, बाजारात बसलात का?" त्या रात्री ताई खूप रडली. रात्री अकरालाही साहेबांचा फोन येई; घरीच असणाऱ्या माणसाला कसली आली वेळ! नोकरी सोडावी, असे तिच्या मनात येई. पण बाबांचे काम बंद होते आणि घर तिच्याच पगारावर चालले होते.

तेव्हा आजी म्हणाली, "अगं, घरून काम मी तुझ्याआधी केलंय."

गिरगावातील सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पीठ घरी न्यायचे, पापड लाटून-वाळवून परत द्यायचे, वजनावर मजुरी घ्यायची, ही त्यांची रीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, आजोबांचा पगार थांबला आणि आजीही असेच पीठ घरी आणू लागली.

"पोळपाट मांडला की कुणी हाक मारायची नाही. पोळपाट भिंतीला टेकवला की काम संपलं. आणि पापड द्यायला गेलं की चार बायकांशी बोलून यायचं, नाहीतर माणूस कुढतं."

दुसऱ्या दिवसापासून ताई माळ्यावर बसू लागली. शिडीवर ओढणी टांगलेली असली की सारे चूप. कुकर नऊच्या आत. आजी खोकलासुद्धा पदरात दाबी. सात वाजता ओढणी उतरे आणि ताई गॅलरीत शेजारणींशी लांबूनच गप्पा मारी. सातनंतरचे काम सकाळी करीन, हे तिने साहेबांना सांगितले तेव्हा तिचा आवाज कापत होता. साहेब कुरकुरले, पण नोकरी टिकली.

आज त्याच माळ्यावर मी बी.ए.चा अभ्यास करते. परवा आजीला विचारले, "तुझ्या वेळी खरंच कुणी हाक मारत नसे?"

आजी हसली. "मारायचे गं, सगळे मारायचे. माझे नियम माझ्या मनातच राहिले. म्हणून म्हटलं, पोरींचे तरी पाळले जावेत."