काळी चार

गणपतीला पंधरा दिवस उरले की मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. एक अॅम्प्लिफायर आणि एक इलेक्ट्रॉनिक ऑर्गन. ऑर्गन एका मेंबरनं आखातातून येताना आणलेला. तेव्हा तो बघायला शेजारच्या चाळीतली माणसं आली होती. आता त्याच्यावरची धूळ पुसायलाही कुणी पुढे येत नाही.

यंदा त्याची काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, गेली. आणि गेली ती सगळ्या सप्तकांतून! आमच्या बायकांच्या भजनी मंडळाचा सा नेमका तिथलाच. पाच-सहाजणी सूर लावून बसल्या आणि खालून नुसतीच शांतता.

घाटकोपरच्या रिपेअरवाल्यानं पाठ उघडली. "काका, सगळ्यात वरच्या सप्तकाचे बारा सूर ही एकच चिप काढते. खालचे सगळे सूर त्यांची कंपनं निम्मी, मग निम्म्याची निम्मी करत येतात. वरचीच गेली, तर खालच्या कुठून येणार?" तशी चिप आता बनत नाही. एखादा जुना ऑर्गन मोडीत निघाला तर त्यातलीच काढून बसवायची.

मला पायपेटी आठवली. बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकाच्या साथीला असायची, ती. तिच्यातली एक पितळी पत्ती बिघडली तर तेवढाच सूर बिघडतो. टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. भाता फाटला तर चामडं डकवायचं. पुढे विजेवरची वाद्यं आली, पण सुरुवातीची तीही समजूतदार होती. गोरेगावच्या फिल्मिस्तानचा 'नागिन' सिनेमा 1954 सालचा. त्यातली पुंगी खरी पुंगी नव्हेच, संगीतकार कल्याणजींनी वाजवलेलं क्लेव्हिओलीन होतं ते. त्यात व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्ह म्हातारा झाला की खोबणीतून उपटायचा, दुसरा खोचायचा.

अॅम्प्लिफायरचं दुखणं वेगळं निघालं. त्यातला मोठा कंडेन्सर डोक्यावर फुगला होता, बुडाशी तपकिरी ओघळ. रिपेअरवाल्यानं नवा हातात दिला. अंगावर छापलेलं होतं, 85 अंश. अशा कंडेन्सरचं आयुष्य साधारण 2000 तासांचं धरतात. म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत! माझा चेहरा बघून तो हसला. ते आयुष्य 85 अंशांच्या भट्टीतलं. दर दहा अंश गार ठेवा, आयुष्य दुप्पट. मी मनातल्या मनात हिशेब केला. अॅम्प्लिफायरच्या आत 45 अंश धरले तर 32,000 तास. रोज तीन तास वाजवला तरी एकोणतीस वर्षं.

"मग आमचा वर्षातून अकराच दिवस चालतो, तो का गेला?"

"म्हणूनच गेला, काका."

कंडेन्सरच्या आतल्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. वीज मिळत राहिली तर तो टिकतो, कंडेन्सर पडून राहिला की झिजतो. मग भाद्रपदात अॅम्प्लिफायर एकदम 230 व्होल्टवर लावला की कंडेन्सरमध्ये गळती होते, तो तापतो, फुगतो. त्यात आमचा माळा म्हणजे अख्खा पावसाळा दमट. आम्ही मात्र इतकी वर्षं जपून ठेवतो म्हणून मिरवत होतो.

चिप अजून मिळालेली नाही. लॅमिंग्टन रोडला दोन चकरा झाल्या. भजनी मंडळ यंदा काळी पाचला गेलं. वरच्या जागी दोघींचा आवाज फाटला, पण कुणी बोललं नाही.

तुमच्याही माळ्यावर असं काही असेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास लावत जा. फार वर्षं बंद असेल तर थेट प्लगमध्ये घालू नका. रिपेअरवाल्याकडे न्या आणि आधी सिरीज बोर्डवर लावायला सांगा, शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर जीव आहे. भगभगीत पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करायला सांगा.