बारा महिन्यांचे दगडी कुंड

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर बर्नहॅम डीपडेल हे लहानसे गाव. तिथले सेंट मेरीचे चर्च शेतकऱ्याने मुद्दाम पाहावे असे आहे.

लांबून आधी दिसतो तो गोल मनोरा. तो सुमारे नऊशे-हजार वर्षांपूर्वीचा. या भागात चांगला घडीव दगड मिळत नाही, मिळते ती शेतात सापडणारी ओबडधोबड गार. अशा गारेने कोपरे साधत नाहीत, म्हणून मनोरे गोल बांधले, असे बरेच जाणकार सांगतात. नॉरफोकात असे शंभरावर मनोरे आहेत.

आत गेलात की बाप्तिस्म्याचे चौकोनी दगडी कुंड दिसेल. तान्ह्या मुलाला याच कुंडातल्या पाण्याने बाप्तिस्मा द्यायचा. ते बाराव्या शतकाच्या सुमारास घडवले. त्याच्या एका बाजूला पानांची नक्षी आहे. उरलेल्या तीन बाजूंवर चार-चार महिने कोरले आहेत, आणि बहुतेक महिन्यांत एक माणूस आहे.

फेब्रुवारीत तो शेकोटीपाशी पाय शेकतो. मार्चमध्ये जमीन खणतो, एप्रिलमध्ये छाटणी करतो. जूनमध्ये निंदणी, जुलैत लांब दांड्याच्या विळ्याने कापणी, ऑगस्टमध्ये पेंढी बांधणे, सप्टेंबरात झोडणी. नोव्हेंबरात डुक्कर मारून थंडीची बेगमी आणि डिसेंबरात सगळे मिळून जेवण. पीक वेगळे, हवा वेगळी. पण ही कामे तुम्हाआम्हाला समजावून सांगावी लागत नाहीत.

त्या काळी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. दहा पेंढ्या झाल्या की एक तिकडे. साल वाईट असले तरी यातून सुटका नव्हती. 1836 साली कायदा झाला आणि धान्याऐवजी रोख रक्कम ठरवून देण्याची पद्धत आली. चर्चमधली प्रार्थना लॅटिनमध्ये चाले, ती कुणब्याला कळत नसे. पण हे कुंड त्याला वाचता येत होते. त्याचे धान्य घेणाऱ्या त्याच चर्चमध्ये, बाप्तिस्म्याच्या कुंडावर, त्याची खुरपणी आणि झोडणी कोरलेली होती.

आता तिथे कापणी-मळणी यंत्रे करतात. कुंड मात्र चर्चमध्येच आहे. कितीतरी पिढ्यांची मुले त्याच्यापाशी आणली गेली. आईबाप वर्षभर जे काम करत, तेच त्या दगडावर होते, आणि मोठेपणी मुलाच्या वाट्याला येणार होते तेही तेच.