साल्झबुर्गचा अजिंक्य गड

म्युनिकला कन्येकडे मुक्काम असता, एका दिवसात जाऊन येण्याजोगे स्थळ म्हणून आम्ही उभयतांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग निवडले. आगगाडीने दोन तासांचाही प्रवास नाही. साल्झाख नदीच्या पुलावर आलो आणि शहराच्या डोक्यावर उभा असलेला होहेनसाल्झबुर्गचा शुभ्र गड दिसताच सौभाग्यवती उद्गारल्या, "अहो, आपण ग्वाल्हेर सोडलंच नाही की काय?"

गडावर जाण्यास १८९२ पासून दोराने ओढली जाणारी गाडी आहे. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे सौभाग्यवती तीत बसल्या. ग्वाल्हेरच्या माणसाने गड गाडीने चढावा हे आम्हांस रुचेना. त्या अभिमानाची किंमत मात्र अर्ध्या वाटेवर धापा टाकीत मोजावी लागली.

येथील धर्मगुरू हेच राजेही होते. पोप आणि सम्राट यांच्या संघर्षात पोपची बाजू घेणाऱ्या आर्चबिशप गेबहार्ड यांनी १०७७ मध्ये या गडाची उभारणी आरंभिली. त्याला आजचे भव्य रूप आले ते लिओनहार्ड फॉन कॉयत्शाख (१४९५-१५१९) यांच्या काळात. पैसा आला तो बव्हंशी मिठाच्या खाणींतून. शहराच्या नावातच मीठ आहे. त्यांच्या सुवर्णदालनातील रंगीत, झिलईदार फरशांची १५०१ ची उंच शेगडी पाहताना आम्ही खिळून राहिलो. त्याच सुमारास आमच्या ग्वाल्हेरीस राजा मानसिंह तोमर (१४८६-१५१६) आपल्या महालावर निळ्या-पिवळ्या फरशांचे हत्ती आणि हंस बसवीत होता! परस्परांचे नावही न ऐकलेल्या दोन गडपतींची हौस किती सारखी!

हा गड शत्रूने लढून कधीच घेतला नाही, असे येथे अभिमानाने सांगतात. तीस वर्षे वर्गात 'अजिंक्य' हा शब्द आम्हीही त्याच अभिमानाने शिकवीत आलो. परंतु तटावरून खालची घरे न्याहाळताना प्रश्न पडला : अजिंक्य, पण कोणापुढे? याच लिओनहार्डने १५११ मध्ये नगराध्यक्ष व नगरसभासदांना भोजनास बोलावून अटकेत टाकले आणि नगराचे हक्क हिरावून घेतले. १५२५ मध्ये गडाला वेढा पडला तो परक्यांचा नव्हे, तर इथल्याच शेतकऱ्यांचा, खाणकामगारांचा व नागरिकांचा. गडात दडून बसलेले आर्चबिशप मात्तेउस लांग वाचले. तट अभंग राहिला. पुढे १८०० मध्ये फ्रेंच सैन्य आले, तेव्हा मात्र शेवटचे राजे-आर्चबिशप व्हिएन्नास निघून गेले आणि हाच अजिंक्य गड लढाईवाचून शत्रूच्या हाती गेला. रयतेपुढे न नमलेला तट परक्यांच्या काय कामी आला?

उतरताना आम्ही निमूटपणे गाडीत बसलो. सौभाग्यवती हसल्या, पण काही बोलल्या नाहीत.

ग्वाल्हेरीस परतल्यावर मुलांना मानसिंहाच्या महालाकडे नेऊ, तेव्हा त्या शेगडीची गोष्ट सांगूच. आणि 'अजिंक्य' शब्द फळ्यावर लिहिताना, त्याखाली एक प्रश्नचिन्हही काढू.