डोक्याला हात

खांद्यावर पडलेल्या माणसाने खांद्याचीच तक्रार करावी अशी जगाची अपेक्षा असते. श्रावणात भाईंदर स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून मी उजव्या खांद्यावर आपटलो, तेव्हा जो तो खांद्याचीच विचारपूस करी. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. शेक झाला, लेप झाला, आणि आठवड्याभरात खांदा शहाण्यासारखा गप्प बसला. मग दुखू लागली ती मान! मानेतून निघालेली कळ दंडावरून उतरून थेट अंगठ्यात जाई. विजेची उघडी तार लागावी तशी. रात्री उशी म्हणजे वैरीण. अशाच एका रात्री अर्धवट झोपेत हात डोक्यावर गेला आणि नवल झाले. कळ थांबली! तेव्हापासून माझा उजवा हात डोक्यावरच मुक्कामाला गेला.

मराठी माणूस डोक्याला हात लावून बसला म्हणजे लोक काय समजतात, हे वाचकांना सांगायला नको. उत्तनहून पाटी घेऊन येणारी आमची कोळीण दारातच थबकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, घरी सगळी बरी ना?" लोकलमध्ये अनोळखी माणसे उठून मला जागा देऊ लागली. (भाईंदर ते मीरा रोड हे एका स्टेशनाचे अंतर. सकाळच्या गर्दीत तेवढ्यासाठी कोणी उठणे हा चमत्कारच.) चौथीच्या वर्गात तर एकदा फळ्याकडून वळून पाहतो, तो सगळी मुले डोक्यावर हात ठेवून सुतकी चेहऱ्याने बसलेली! हसताना मानेतून कळ गेली, तरी हसलो.

निदान झाले तेही या हातावरूनच. डॉक्टर म्हणाले, खांदा बिघडला असता तर हात वर नेताना दुखले असते; तुम्हाला आराम पडतो, म्हणजे मानेत मज्जातंतू चेपला असावा. हात वर गेला की त्याच्यावरचा ताण सैल होतो. पुढे एम.आर.आय.नेही तेच सांगितले. मानेत मणके सात, पण मज्जातंतूंच्या जोड्या आठ, हे अजब गणित मला त्या दिवशी कळले. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकली होती, आणि तिथून निघणाऱ्या सहाव्या मज्जातंतूचा अंमल अंगठ्यापर्यंत. सातव्याकडे मधले बोट, आठव्याकडे करंगळी. मला करंगळी चालली असती. लेखकाला करंगळीचे काय काम?

"बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप उतार पडतो," डॉक्टर म्हणाले, "पण हातातले बळ जाऊ लागले तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल." हे 'पण' मला झोपू देईना. हाताला प्लास्टर असते तर निदान लोकांना दिसले तरी असते! रोज पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, मी चिमटीत खडू धरून पाही. दोनदा तो गळून पडला. त्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मला पंचवीस वर्षांत वर्गात कधी जाणवले नव्हते.

कादंबरीचे अकरावे प्रकरण अर्ध्यावर होते. मी सांगे आणि पत्नी लिही. तिसऱ्या दिवशी तिने पेन खाली ठेवले. "अहो, ही बाई एवढे सगळे मुकाट्याने ऐकून घेईल होय?" मी म्हटले, "तू लिही." तिने लिहिले; मी सांगितले ते मात्र नव्हे.

नवरात्रात कळ थांबली, खडूही आता गळत नाही. अंगठ्याचे टोक अजून जरा बधिर आहे. चकलीचे पीठ गरम की गार, हे पाहायला दुसरे बोट लावावे लागते. बारावे प्रकरण मी स्वतःच्या हाताने लिहायला घेतले आहे. अकरावे परत मागितले, तर ती द्यायला तयार नाही.