जन्मस्थळाचा रकाना

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 'आम्ही' म्हणजे एकच माणूस. उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची जिभेला सवय, ती मराठी लिहितानाही सुटत नाही.

वर्गात उर्दू चालते, पण जनरल रजिस्टर मराठीत. बी.एड.ला आम्हाला पाठाचं टाचण काढायला शिकवलं, रजिस्टर भरायला कुणी शिकवलं नाही. जूनमध्ये आई-बाप रांगेत उभे असतात आणि आम्ही रकाने भरत जातो. वस्तीतल्या निम्म्या जुन्या माणसांची जन्मतारीख १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, तेव्हाच्या मास्तरांनी तीच सोयीची तारीख टाकली. आमच्या अब्बांचीही १ जूनच आहे.

आमच्या गल्लीत एक चोर होता. हे आधीच सांगतो, कारण आपल्या लोकांच्या लिखाणात तो सहसा येत नाही. तो बांगलादेशचा होता. मोबाईल चोरताना पकडला गेला, पासपोर्टचा आणि १९४६ चा विदेशी नागरिकांचा असे दोन्ही कायदे त्याच्यावर लागले. शिक्षा भोगून झाल्यावर पोलिसांनी त्याला रेल्वेनं बंगालला नेऊन सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात दिलं. वर्ष पुरं व्हायच्या आत तो परत गल्लीत. ४,०९६ किलोमीटरची सीमा, तीत कितीतरी ठिकाणी नदीच हद्द. तिथं कुंपण कुठं घालणार? दलाल पैसे घेतो, रात्री नाव सोडतो. नव्या नावाचं आधार कार्डही त्यानं करून घेतलं होतं. त्यानं चोऱ्या केल्या त्या आमच्याच लोकांच्या घरी. एका विधवा बाईचं शिलाई मशीन नेलं, तेव्हा गल्लीतल्याच चार जणांनी चौकीत जाऊन तक्रार दिली. आम्हीच तो अर्ज मराठीत लिहून दिला. त्याचं आम्हाला आजही वाईट वाटत नाही.

बोटांचे ठसे जुळले, चोर आत गेला. पण पोलीस गल्लीतून गेले नाहीत. २०२५ चा जून होता तो. जानेवारीत वांद्र्याला एका नटावर घरात घुसून हल्ला झाला, त्यात पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि तेव्हापासून बंगाली बोलणाऱ्या प्रत्येकाची चौकशी वाढली होती. आमच्या सहावीतल्या एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. मूळ मुर्शिदाबादचे, जलंगीकडचे. त्यांना 'पडताळणी'साठी नेलं.

संध्याकाळी त्या मुलाची आई शाळेच्या फाटकाशी आली. म्हणाली, "सर, आपने रजिस्टर में हमारा क्या लिखा है?"

आम्ही कपाट उघडलं. जन्मस्थळ: कलकत्ता. अक्षर आमचंच.

आम्हाला तो दिवस आठवला. बापानं गावाचं नाव दोनदा सांगितलं होतं. बंगाली उच्चार, मागं रांग, वर पंखा बंद. आम्हाला कळलं नाही आणि तिसऱ्यांदा विचारायचा कंटाळा आला. बंगाल म्हणजे कलकत्ता, असं धरून आम्ही लिहून टाकलं. चौकीत बाप म्हणत होता, मुलगा गावी जन्मला. शाळेचा दाखला म्हणत होता, कलकत्त्याला. हवालदारानं आम्हाला विचारलं, "मास्तर, खोटं कोण बोलतंय, तो की तुम्ही?" आम्ही म्हटलं, चूक आमची. ते म्हणाले, लेखी द्या. आम्ही लेखी दिलं. पण कागदावर एकदा चढलेली शंका दुसऱ्या कागदानं लगेच उतरत नाही. विदेशी नागरिकांच्या कायद्यात आपण भारतीय आहोत हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर संशय त्याच्याच डोक्यावर असतं. १९४६ च्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आला, त्यातही ते तसंच आहे.

आधार आणि मतदार कार्ड दोन्ही त्यांच्याकडं होती. पण ती तर चोरांकडंही सापडतात, असं पोलिसांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असं आम्ही कसं म्हणू? आमच्याच गल्लीतल्या चोरानं ते खरं करून दाखवलं होतं. पुढं ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही एका जामीन अर्जात सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असल्यानं कुणी नागरिक ठरत नाही. मग कशानं ठरतं? जमिनीच्या दस्तानं म्हणावं, तर त्यांचं जुनं घर जमिनीसकट पद्मेनं गिळलेलं. ती नदी तिथले काठ खाते, घरासोबत पेटीही गेली.

त्याच महिन्यात वर्तमानपत्रात आलं होतं की मीरा रोडला काम करणारा मुर्शिदाबादचाच एक गवंडी सीमेपार ढकलला गेला आणि पश्चिम बंगाल सरकारनं हालचाल केल्यावर परत आणला गेला. ती बातमी मुलानं वाचली नव्हती, पण आईला कुणीतरी सांगितली होती. ती रोज फाटकाशी येऊन बसायची. एकदाही आम्हाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी गावच्या पंचायतीचं पत्र आणि आजोबांच्या नावाची जुन्या मतदार यादीची नक्कल मोबाईलवर आली, मागून तिथल्या पोलिसांचा निरोप आला, आणि बाप सुटला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. एका आठवड्याची मजुरी बुडाली होती.

रजिस्टरमध्ये मात्र आम्हाला खाडाखोड करता येत नाही. दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. प्रस्ताव तयार करायला आम्ही मुलाला मधल्या सुट्टीत बोलावलं, खडू दिला आणि म्हटलं, बेटा, गावाचं नाव लिही. त्यानं उर्दूत लिहिलं. आम्ही ते मराठीत उतरवलं, मोठ्यानं वाचलं. तो म्हणाला, "नहीं सर, ऐसे नहीं." आम्ही पुसलं, पुन्हा लिहिलं. चौथ्या वेळी त्यानं मान हलवली.