चार भोकांची शिवण

दर गुरुवारी सकाळी शेजारच्या खाटेवरचे ओजिसान सलाइनचा स्टँड ढकलत तळमजल्यावरच्या दुकानात जात आणि बगलेत एक जाडजूड साप्ताहिक घेऊन परत येत. टोकियोतलं रुग्णालय, २००६ सालचा जानेवारी. सायकलवरून कामावर निघालो असताना एका गाडीने मला उडवलं होतं. उजवी मांडी आणि खुबा, दोन्ही गेलेले. पुन्हा चालेन का, असं विचारलं की डॉक्टर "बघू या" एवढंच म्हणत. पुण्याला आईला मी फोनवर पाय मुरगळल्याचं सांगितलं होतं.

ओजिसान म्हणजे काका. त्यातला 'जि' दीर्घ केला की काकांचे आजोबा होतात. हे बासष्ट वर्षांचे होते आणि काकाच राहायचं, असा त्यांचा आग्रह होता.

ते साप्ताहिक म्हणजे चित्रकथांचं 'यंग जंप'. मुखपृष्ठावर हसऱ्या तरुणीचा मोठा फोटो. आमच्या घरी आलं असतं तर आईने पालथं घालून ठेवलं असतं. मीही आधी नकोच म्हणालो. ओजिसान वाद घालत बसले नाहीत. बरोबर मधे, पिनांपाशी उघडून त्यांनी ते माझ्या पोटावर ठेवलं आणि पडदा ओढून घेतला.

त्यांचं अख्खं आयुष्य बाइंडिंगमध्ये गेलेलं. टोकियोच्या बुंक्यो भागात छपाईचे आणि बांधणीचे छोटे छोटे कारखाने आहेत, तशाच एकात ते तरुणपणी लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना गोष्टीच्या आधी कागद दिसायचा. पुन्हा लगदा करून बनवलेला तो खरखरीत कागद ते दोन बोटांत घासून बघत. मग हळूहळू, माझ्या तुटक्या जपानीला झेपेल अशा वेगाने, सांगू लागत. शुएइशा या प्रकाशनाने १९६८ मध्ये मुलांसाठी 'शोनेन जंप' काढलं. ते वाचणारी मुलं दहा वर्षांत मोठी झाली, नोकरीला लागली, भरलेल्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करू लागली, पण चित्रकथा काही सुटेना. त्यांच्यासाठी १९७९ मध्ये 'यंग जंप' निघालं. आधी महिन्यातून दोनदा आणि १९८१ पासून दर आठवड्याला. १९८० मध्ये कोदान्शाने 'यंग मॅगझिन' आणलं. कात्सुहिरो ओतोमोंची 'आकिरा' १९८२ पासून आली ती त्यातच. आमच्याकडे 'चांदोबा' आणि 'किशोर' सुटले की चित्रंही सुटायची. वाचक मोठा झाला म्हणून त्याला दाराबाहेर न काढणारा हा धंदा मला तेव्हाही फार मायाळू वाटला आणि आजही वाटतो.

मला मात्र धरून ठेवलं ते एकाच कथेने. ताकेहिको इनोउए यांची 'रिअल' १९९९ पासून या साप्ताहिकात येत होती. विषय व्हीलचेअर बास्केटबॉल. तिच्यातला ताकाहाशी हा शाळेच्या संघाचा घमेंडखोर कर्णधार. चोरलेल्या सायकलवरून जाताना तो ट्रकखाली सापडतो आणि त्याचं कमरेखालचं अंग लुळं पडतं. भेटेल त्या माणसाची प्रतवारी लावायची त्याला सवय, हा पहिल्या दर्जाचा, तो खालच्या. आता त्या यादीत आपण कुठे, हे त्याला सोसत नाही. ते वाचलं आणि मी अंक मिटून टाकला. वॉर्डात मीही तेच करत होतो. चालणारे, काठीने चालणारे, खुर्चीतले आणि सगळ्यांत शेवटी मी. त्या दिवशी दुपारी व्यायामाला न्यायला माणूस आला तेव्हा मी पहिल्यांदा नकार दिला नाही.

'रिअल' दर गुरुवारी येत नसे. लेखकाला जमेल तेव्हा प्रकरण येई. नसलं तर ओजिसान दारातूनच हात हलवत. एरवी उरलेलं वाचायचं. त्याच जानेवारीत यासुहिसा हारा यांची 'किंगडम' सुरू झाली. प्राचीन चीनमधल्या छिन राज्यातला एक अनाथ पोरगा, त्याला सेनापती व्हायचंय. हारा आधी माझ्यासारखेच संगणकाच्या नोकरीत होते, पुढे इनोउए यांच्याकडे उमेदवारी केली. हे कळल्यावर मला ती कथा घरची वाटू लागली.

ओजिसान माझ्या आधी घरी गेले. एप्रिलमधल्या एका गुरुवारी मला भेटायला आले ते हातात एक वही घेऊन. आम्ही वाचलेली 'रिअल'ची प्रकरणं त्यांनी अंकांतून सोडवून बांधली होती. हे सोपं नसतं. मधोमध पिना मारलेल्या अंकात कागदाच्या एका अर्ध्यावर पुढची गोष्ट असते, दुसऱ्यावर मागची. पिना उपटून, प्रत्येक कागद घडीवर कापून, सुटी पानं जुळवावी लागतात. सुट्या पानांना जुजबंदी चालत नाही. म्हणून कडेला चार भोकं पाडून दोऱ्याने शिवायची जुनी जपानी पद्धत त्यांनी वापरली होती. गाठ कुठेच दिसत नव्हती. माझ्या बोटांवरून सुई फिरवल्यासारखं करत त्यांनी ती शिवण मला शिकवली. जूनमध्ये मी काठी घेऊन बाहेर पडलो. काठी आजही आहे.

२००९ मध्ये मी पुण्याला परतलो आणि जपानी शिकवू लागलो. 'रिअल'चं प्रकरण आलं की काही दिवसांनी टोकियोहून पाकीट यायचं. आत घडीवर कापलेली पानं. चिठ्ठी क्वचितच. मी ती शिवून ठेवायचो. २०१४ नंतर कथा थांबली, पाकिटंही थांबली, नव्या वर्षाचं कार्ड तेवढं येत राहिलं. २०१६ च्या डिसेंबरात करड्या किनारीचं कार्ड आलं. घरात मृत्यू झाल्याने यंदा शुभेच्छा पाठवत नाही, असं कळवणारं. खाली त्यांच्या मुलीचं नाव होतं.

त्यांच्यासाठी मी काय केलं? एकदा चितळ्यांची बाकरवडी पाठवली होती.

'रिअल' २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. टोकियोहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तो अंक आणला. रात्री टेबलावर पिना उपटल्या, घडीवर पट्टी धरून कापलं, टोच्याने चार भोकं पाडली. दोरा दोनदा तुटला. शेवटच्या पानाच्या पाठीवर दुसऱ्याच कुठल्या तरी कथेचं पान आलं होतं. ओजिसान अशा पानांवर कधी कागद चिकटवत नसत. मीही ते तसंच ठेवलं.